ॲडमिट करताना शुगर २६४, स्वादुपिंडाला सूज: घाबरायचं किती?

शेवंती | ६ जून, रात्री ११:५२

इथे डॉक्टर बरेच आहेत आणि डॉक्टरांहून अनुभवी पेशंट त्याहून जास्त, म्हणून इथेच विचारते.

माझा धाकटा भाऊ, वय ४१. मंगळवारी पहाटे पोटात वरच्या बाजूला कळ सुरू झाली. आदल्या दिवशी मुंजीचं जेवण झालं होतं, त्यामुळे घरात सर्वानुमते 'गॅस' हे निदान मंजूर. ओवा झाला, हिंग झालं, पोटावर शेक झाला. कळ पाठीत जायला लागली. पुढे वाकून उशी पोटाशी धरून बसला की जरा बरं, आडवा केला की ओरडायचा. उलट्या सुरू झाल्या तेव्हा दुपारी ॲडमिट केला. लायपेज (स्वादुपिंडातलं एन्झाइम) नॉर्मलच्या कितीतरी पट, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. म्हणजे ॲक्यूट पँक्रियाटायटिस, स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज.

आता प्रश्न. त्याला कधीही डायबेटिस नव्हता, आणि ॲडमिट करताना शुगर आली २६४. रात्रपाळीचे तरुण डॉक्टर आईसमोरच म्हणाले, "दोनशेच्या वर आहे, ही चांगली खूण नाही." ते पुढच्या पेशंटकडे गेले, आणि आई तेव्हापासून देव पाण्यात ठेवून बसली आहे. दुसऱ्या दिवशी २१२, आज सकाळी १७८. मधे थोडं इन्सुलिन दिलं. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ५.६.

या शुगरवरून आजार कुठे जाणार ते कळतं का? आणि हा आता कायमचा डायबेटिक झाला का? वहिनीने घरातली साखर आजच शेजारी देऊन टाकली.

भटकभवानी | ७ जून, रात्री १२:१०

भावाला लवकर बरं वाटो. साखर परत आणा, शेजाऱ्यांकडून वस्तू परत मिळायला फार काळ जाऊ देऊ नये.

बाकडेवाले_काका | ७ जून, सकाळी ६:३०

गॅस या शब्दाने महाराष्ट्रात किती माणसं मारली असतील त्याचा हिशेब कुणीतरी काढायला हवा. माझ्या मेहुण्याचा हार्ट अटॅकही पहिले चार तास गॅसच होता.

स्टेथोस्कोप | ७ जून, सकाळी ७:४५

शेवंतीताई, आधी आईंना काहीतरी खायला घाला. मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावात. तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे सगळं सर्वसाधारण समजा.

दोनशे हा आकडा त्या डॉक्टरांनी हवेतून आणलेला नाही. न्यूयॉर्कचे सर्जन जॉन रॅन्सन यांनी १९७४ मध्ये या आजारासाठी अकरा निकष मांडले. पाच दाखल होताना बघायचे, सहा पुढच्या ४८ तासांत. पहिल्या पाचांत वय ५५च्या वर, पांढऱ्या पेशी १६ हजारांच्या वर, शुगर २००च्या वर आणि रक्तातली दोन एन्झाइम्स. खड्यांमुळे झालेल्या आजारासाठी नंतर मापं थोडी बदलली, तिथे शुगरची रेघ २२०वर आहे. तीन किंवा जास्त निकष भरले तर आजार गंभीर होण्याची शक्यता धरतात. म्हणजे भावाच्या खात्यावर शुगरचा अकरापैकी एक गुण. त्या एका गुणावर आईंनी देव पाण्यात घातलेत.

२००८च्या बायसॅप नावाच्या मोजणीत पाचच गोष्टी आहेत: युरिया, पेशंट शुद्धीवर आहे का, ताप-नाडी-श्वास-पांढऱ्या पेशी यांची एकत्र गडबड, साठच्या वरचं वय आणि छातीत पाणी. त्यात शुगर नाहीच! मी स्वतः राऊंडला गेलो की शुगरच्या आधी लघवी किती झाली ते विचारतो.

शुगर वाढते का? स्वादुपिंड दोन कामं करतं. पाचकरस तयार करतं आणि इन्सुलिनही तयार करतं. सूज आली की आतड्यात जाऊन कामाला लागायचे ते पाचकरस घरातच कामाला लागतात, आणि इन्सुलिनवाल्या पेशी त्या भांडणात सापडतात. पण बराचसा वाटा बाहेरून येतो. शरीर घाबरलेलं असतं. कॉर्टिसॉल, ॲड्रेनालिन, ग्लुकागॉन ही साखर वाढवणारी हार्मोन्स वाढतात, लिव्हर साखर सोडत सुटतं, स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. न्यूमोनियातही हेच होतं. मी पेशंटच्या घरच्यांना सांगतो, शुगर ही कुकरची शिटी आहे. जोरात वाजली तर आत वाफ जास्त आहे हे कळतं. शिटी दाबून धरली म्हणून वाफ कमी होत नाही.

एचबीएवनसी ५.६ म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी ठीक होती. तो आधीपासून छुपा डायबेटिक नव्हता. २६४वरून तिसऱ्या दिवशी १७८ हेही बरंच आहे.

सुईटोचक | ७ जून, सकाळी ९:२०

लॅबवाल्याकडून एक गोष्ट. शुगर एकदम विचित्र आली तर आधी विचारा, रक्त कुठल्या हातातून घेतलं? एका रात्री वॉर्डातून सॅम्पल आलं, शुगर ५४०. धावपळ, इन्सुलिन भरून तयार. मी फोन करून विचारलं तर त्याच हाताला वरच्या बाजूला डेक्स्ट्रोजची बाटली चालू. दुसऱ्या हातातून घेतलं, १४८. ते इन्सुलिन टोचलं असतं तर?

पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. नातेवाइकांना सगळं 'सलाईन'च वाटतं, पण रिंगर लॅक्टेट वेगळं, एनएस (नॉर्मल सलाईन, मिठाचं पाणी) वेगळं, डेक्स्ट्रोज वेगळं. बाटलीवरचं नाव वाचा.

शेकडेवारी | ७ जून, सकाळी ११:०५

स्टेथोस्कोप, शिटीची उपमा झकास, पण अर्धीच खरी. मी डॉक्टर नाही, आकड्यांत काम करतो. वडील आयसीयूत होते तेव्हा हा विषय उपसला होता.

अमेरिकेत अटलांटाच्या एका हॉस्पिटलमधली २००२ची पाहणी आहे, सगळ्या प्रकारचे मिळून दोन हजारांवर पेशंट. ज्यांना डायबेटिस माहीत नव्हता आणि दाखल झाल्यावर शुगर वाढलेली सापडली, त्यांच्यात मृत्यू १६ टक्के. जुन्या डायबेटिक लोकांत ३ टक्के. नॉर्मल शुगरवाल्यांत १.७. म्हणजे 'याला तर डायबेटिसच नाही' हे ऐकून हायसं वाटून घ्यायचं कारण नाही, उलटच आहे. अर्थात हे साखरेने मेले असं त्यातून निघत नाही. जास्त आजारी होते म्हणून साखर जास्त, हेही तितकंच शक्य.

पण शिटीबद्दल दुसरी बाजू. साखर फार चढली तर ती स्वतः त्रास देते. लघवीवाटे पाणी ओढून नेते, आणि या आजारात पाणी आधीच कमी पडलेलं असतं. जंतूंचंही फावतं. म्हणून ती आणायचीच खाली, फक्त किती ते भांडण.

स्टेथोस्कोप | ७ जून, दुपारी २:३०

मान्य. उपमा अर्धी मागे घेतो.

त्या भांडणाची गोष्ट मजेशीर आहे. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या सर्जिकल आयसीयूतून निष्कर्ष आला की शुगर ८० ते ११०मध्ये घट्ट धरली तर मृत्यू कमी होतात. जगभर सगळे इन्सुलिनचे पंप घेऊन मागे लागले, आम्हीही. २००९ मध्ये नाइस-शुगर नावाचा मोठा प्रयोग आला, सहा हजारांवर पेशंट. घट्ट धरलेल्या गटात ९० दिवसांत मृत्यू २७.५ टक्के, १८०पर्यंत सैल सोडलेल्या गटात २४.९. शुगर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण ६.८ विरुद्ध ०.५. तेव्हापासून आम्ही १४० ते १८०च्या मधे ठेवतो आणि शंभर दिसली की खूश होत नाही. शेवंतीताई, भावाची आजची १७८ म्हणजे हवी तिथेच आहे. नर्सच्या मागे लागून ती ११० करायला लावू नका.

लीड्सकर | ७ जून, दुपारी ३:१५

परदेशातल्या मराठी माणसासाठी सूचना. मला हाच आजार इथे झाला. नर्स म्हणाली, शुगर १४.२. मी सांगलीला आईला फोन करून सांगितलं, 'चौदा आहे.' आई वीस वर्षांची डायबेटिक. चौदा म्हटल्यावर तिने फोनवरच रडायला सुरुवात केली आणि बाबांना म्हणाली, त्याच्या तोंडात साखर घालायला सांगा कुणालातरी. इथलं माप मिलिमोलमध्ये असतं, अठराने गुणायचं. १४.२ म्हणजे २५६. ते कळल्यावर आई पुन्हा रडली, आता उलट कारणाने.

भटकभवानी | ७ जून, दुपारी ३:२२

लीड्सकर, चहा नाकातून आला.

पाचूचं_बेट | ७ जून, संध्याकाळी ६:४०

माझा प्रकार वेगळा म्हणून लिहितो. खडे नाहीत, दारू नाही (खरंच नाही, डॉक्टरांनी तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा बायकोला बाहेर पाठवून). ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) ३,१००. रक्त काढलं तर वर मलईसारखा थर. हजाराच्या वर गेले की स्वादुपिंडाला धोका, असं तेव्हा कळलं.

शुगर जेमतेम १६०, तरी मला इन्सुलिनची ड्रिप लावली, आणि जोडीला डेक्स्ट्रोज. सासरे, रिटायर्ड हेडमास्तर, नर्सवर तापले: "एका हाताने साखर घालता, दुसऱ्या हाताने काढता, हा काय व्यवहार?" शिफ्ट संपताना एका डॉक्टरांनी नीट समजावलं. इन्सुलिन साखरेसाठी नव्हतंच. रक्तातली ती चरबी फोडणाऱ्या एन्झाइमला इन्सुलिन कामाला लावतं. डेक्स्ट्रोज अशासाठी की त्या भरात शुगर खाली कोसळू नये. चार दिवसांत ट्रायग्लिसराइड्स पाचशेच्या खाली. सासऱ्यांनी डॉक्टरांना 'समाधानकारक उत्तर' असा शेरा दिला.

सुईटोचक | ७ जून, संध्याकाळी ७:०५

मलईवाल्या रक्तात ॲमायलेज (लायपेजसारखंच स्वादुपिंडाचं एन्झाइम) खोटं नॉर्मल येऊ शकतं. आजार असून रिपोर्ट म्हणतो नाही. त्यामुळे पोटदुखी तशी असेल तर एका आकड्यावर घरी पाठवू नये.

कडूकारलं | ७ जून, रात्री ९:००

आमच्याकडे शुगरवर कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड देतात. सकाळी अनशापोटी. आठवड्यात फरक. ॲलोपॅथीवाले सांगणार नाहीत.

बाकडेवाले_काका | ७ जून, रात्री ९:०४

नाव सार्थ केलंत.

स्टेथोस्कोप | ७ जून, रात्री १०:१५

कडूकारलं, घरी चालता-फिरता माणूस काय पितो ते त्याचं त्याने बघावं. पण ज्याचं स्वादुपिंड सुजलंय, उलट्या होतायत, त्याच्या पोटात रिकाम्यापोटी काहीही ओतू नका. शेवंतीताई, कुणी नातेवाईक बाटली घेऊन आले तर गोड बोलून घ्या आणि झाडाला घाला.

मावशी_दापोली | ७ जून, रात्री १०:४०

आमच्या ह्यांच्या वेळी, पंचवीस वर्षं झाली, दहा दिवस तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. स्वादुपिंडाला विश्रांती द्यायची म्हणायचे. आता म्हणे दुसऱ्या दिवशी पेज देतात. हे बरोबर की ते बरोबर?

स्टेथोस्कोप | ७ जून, रात्री ११:००

मावशी, आताचं. उलट्या थांबल्या, भूक लागली की हलकं खायला सुरुवात. आतडं उपाशी ठेवलं तर त्याचं अस्तर दुबळं होतं आणि जंतू आत शिरायचा धोका वाढतो. तोंडाने जमलंच नाही तर नाकातून नळी. शिरेतून पूर्ण आहार द्यायचा झाला तर शुगर आणखी चढते, म्हणून तो शेवटी. ह्यांना बाकी उपाशी ठेवूनही ते बरे झाले, हे त्यांचं श्रेय.

मावशी_दापोली | ७ जून, रात्री ११:०६

ते लपवून बिस्किटं खात होते. मला नंतर कळलं.

जुनं_पान | ८ जून, सकाळी ८:३०

थोडं अवांतर. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला डायबेटिस झाला. साखरेचा संबंध या अवयवाशी आहे हे तिथे कळलं. त्याच १८८९ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या तीव्र सुजेचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. म्हणजे या धाग्याच्या शीर्षकातले दोन्ही अर्धे एकाच वर्षी जन्मले. इन्सुलिन हाती यायला मात्र १९२१ उजाडलं.

रच्याकने, ज्या अवयवाने असं तोंडचं पाणी पळवलं त्याला 'स्वादुपिंड' नाव ठेवणाऱ्याला दंडवत.

कोकणकडा | ८ जून, दुपारी १२:२०

शेवंतीताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पुढचं सांगतो, घाबरवायला नाही.

बाबांना २०१६ मध्ये खूप मोठा झटका आला. पाच आठवडे हॉस्पिटल, स्वादुपिंडाचा काही भाग मेला. घरी आले तेव्हा शुगर नॉर्मल. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि शुगर तपासणंच सोडून दिलं. दीड वर्षाने वजन उतरायला लागलं, फास्टिंग १९०. वय साठ, म्हणून टाइप टू समजून गोळ्या दिल्या. जुना आजार आम्ही सांगितला नाही, त्यांनी विचारला नाही. वजन उतरतच गेलं. शौचाला तेलकट, पाण्यावर तरंगणारी, फ्लश केली तरी जात नसे. बाबांनी हे लाजेने वर्षभर सांगितलं नाही.

शेवटी एका एंडोक्रिनॉलॉजिस्टनी (हार्मोन्सच्या डॉक्टरांनी) जुनी फाइल उघडली. म्हणाले, हा स्वादुपिंडामुळे झालेला डायबेटिस, टाइप थ्रीसी. पाचकरसही कमी पडतोय. जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल आणि इन्सुलिन सुरू झालं. वजन परत आलं. पण एक कटकट राहिली. यात साखर वाढवणारं ग्लुकागॉनही कमी असतं, त्यामुळे शुगर खाली गेली की शरीर तिला सावरत नाही. बाबांच्या खिशात कायम गोळ्यांची साखर, आणि मंदिरात प्रदक्षिणा घालताना आई मागे.

शेकडेवारी | ८ जून, दुपारी १:००

कोकणकडा यांच्या प्रतिसादाला आकड्यांची जोड. २०१४ मध्ये ऑकलंडच्या गटाने चोवीस अभ्यास एकत्र केले. पहिल्या झटक्यानंतर वर्षभरात साधारण १५ टक्के लोकांना नव्याने डायबेटिस, आणि पाच वर्षांत धोका दुपटीच्या पुढे. मला जे खटकलं, म्हणजे विचारात पाडलं, ते असं की झटका सौम्य होता की गंभीर याने फारसा फरक पडला नाही. साधी सूज येऊन चार दिवसांत घरी गेलेला माणूसही यादीत आहे. डिस्चार्जच्या कागदावर 'शुगर पुन्हा तपासा' लिहितं कोण?

स्टेथोस्कोप | ८ जून, दुपारी १:४०

मी लिहीत नव्हतो. आता लिहितो.

शेवंती | १४ जून, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार, नावं घेत बसत नाही. भाऊ घरी आला! पाचव्या दिवसापासून शुगर इन्सुलिनशिवाय १३०च्या आत. सूज सौम्य निघाली, त्यामुळे पित्ताशय त्याच ॲडमिशनमध्ये दुर्बिणीने काढून टाकलं. घरात यावर दोन तट पडले होते (काका: 'आधी माणूस सावरू द्या'), पण सर्जन म्हणाले, खडे तसेच ठेवून घरी नेलात तर पुन्हा इथेच भेटू.

ते रात्रपाळीचे डॉक्टर डिस्चार्जच्या दिवशी भेटले. मी न राहवून रॅन्सन, अकरापैकी एक वगैरे ऐकवलं. ते हसले आणि म्हणाले, 'ताई, मी छत्तीस तास जागा होतो, बाकीचे दहा सांगायला उभं राहायला हवं होतं.' मग मलाच वाईट वाटलं.

आईने देव पाण्यातून काढले. कोकणकडा, तुमचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला. शौचाबद्दलचा भाग वहिनीने मुद्दाम दोनदा वाचला.

शेवंती | १२ सप्टेंबर, रात्री ९:१५

धागा वर काढते. तीन महिन्यांनी फास्टिंग १०९, एचबीएवनसी ५.९. वजन स्थिर, बाकी तक्रार नाही. भाऊ म्हणतो नॉर्मल आहे. वहिनी म्हणते नाही. साखरेचा डबा सध्या माझ्या घरी आहे.

स्टेथोस्कोप | १२ सप्टेंबर, रात्री १०:५०

वहिनी जिंकल्या, पण थोडक्यात. १०० ते १२५ ही मधली पायरी, १२६पासून डायबेटिस. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हीही मधलीच. चालणं वाढवा, पोटाचा घेर आटोक्यात, दारू आणि सिगारेट असेल तर बंद. सहा महिन्यांनी पुन्हा, नंतर दर वर्षी, बरा वाटत असला तरी. आणि पुढे कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेला की पहिल्या वाक्यात सांगायचं, मला पँक्रियाटायटिस होऊन गेलाय. शुगरची काही औषधं देताना ते माहीत असावं लागतं.

कोकणकडा | १२ सप्टेंबर, रात्री ११:०५

मी बाबांच्या फाइलच्या कव्हरवरच लाल स्केचपेनने लिहून ठेवलंय.

वाचनमात्र_बंडू | १३ सप्टेंबर, सकाळी ७:१०

नमस्कार, धागा पूर्ण वाचला. माझं लायपेज ७५ आलंय, लॅबची मर्यादा ६०. पोट अजिबात दुखत नाही, शुगर ९२. पूर्ण बॉडी चेकअपचं पॅकेज होतं म्हणून केलं. ॲडमिट होऊ का?

बाकडेवाले_काका | १३ सप्टेंबर, सकाळी ७:१४

गॅस असेल.

स्टेथोस्कोप | १३ सप्टेंबर, सकाळी ७:४०

काका! बंडू, तशी कळ, तिपटीच्या वर लायपेज, स्कॅनवर सूज, या तिनांतले दोन लागतात. तुमच्याकडे एकही नाही. नाश्ता करा.